नेमबाजांसाठी ऑनलाइन मानसिक प्रशिक्षण: सुरुवात कुठून करायची आणि कोणत्या क्रमाने जायचं

निवड चाचणी आठवड्यावर आली की मानसिक प्रशिक्षणाची आठवण होते. कुणीतरी नंबर देतं, व्हिडिओ कॉलवर तासभर बोलणं होतं, डोळे मिटून ऐकायला एक ऑडिओ मिळतो आणि पोरगं फायरिंग पॉइंटवर उभं राहतं. पहिली सिरीज (दहा शॉटचा गट) बिघडली की निकाल लागतो, ‘हे मानसिक वगैरे आपल्याला लागू पडत नाही.’ यात बहुतेक वेळा चुकलेला असतो तो क्रम. शेवटच्या टप्प्यावर करायचं ते आधी केलेलं असतं, आणि पहिले तीन टप्पे झालेलेच नसतात.

पुढचे टप्पे राज्य, मावळणकर (राष्ट्रीयच्या आधीची अखिल भारतीय स्पर्धा) आणि राष्ट्रीय स्पर्धा खेळणारा १० मीटर एअर रायफल किंवा एअर पिस्तूलचा खेळाडू डोळ्यांसमोर ठेवून लिहिले आहेत. कुस्ती, कबड्डीत फरक पडतो तिथे तसं सांगितलं आहे. सगळ्याला मिळून साधारण १२ आठवडे धरा आणि शक्यतो मोठ्या स्पर्धा नसलेल्या काळात सुरू करा. हातात चारच आठवडे असतील तर टप्पा १ ते ३ उरका, टप्पा ४ ची नोंद एका आठवड्यात बसवा, टप्पा ५ मधला फक्त श्वास आणि शॉट रूटीन घ्या. उरलेलं स्पर्धेनंतर.

## टप्पा १: आधी तब्येत, मग स्कोअर

पहिल्या सेशनमध्ये ‘फोकस वाढवा’ अशी मागणी घेऊन जाऊ नका. फोकस का गेला हे आधी बघावं लागतं. झोप मोडलेली, भूक गेलेली, सरावाला जायचीच इच्छा नाही अशा अवस्थेतल्या खेळाडूला श्वासाचा व्यायाम शिकवणं म्हणजे ताप न मोजता धावायला पाठवणं.

आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने यासाठी एक तपासणी पद्धत तयार केली आहे. ती १६ वर्षांवरच्या खेळाडूंसाठी आहे आणि तिची सुरुवात दहा प्रश्नांच्या छोट्या प्रश्नावलीने होते. उत्तरांची बेरीज १० ते ५० च्या दरम्यान येते. १७ किंवा त्याहून जास्त आली तर पुढच्या प्रश्नावल्या भरायच्या असतात: चिंता, नैराश्य, झोप, दारू आणि इतर पदार्थ, खाण्याच्या सवयी. हे काम खेळवैद्यक डॉक्टर किंवा नोंदणीकृत मानसोपचार व्यावसायिकाने करायचं आहे. प्रशिक्षकाने व्हॉट्सॲप ग्रुपवर प्रश्नावली टाकून सगळ्यांकडून भरून घेऊ नये. आपलं उत्तर संघनिवड करणारा वाचणार हे माहीत असेल तर खरं कोण लिहील?

शरीराची तपासणीही याच टप्प्यात करून घ्या. सतत थकवा, चिडचिड, उतरता स्कोअर यांमागे रक्तातलं लोह कमी असणं, थायरॉइड किंवा गरजेपेक्षा कमी खाणं असू शकतं. मुलींची पाळी लांबली किंवा थांबली असेल तर ते ‘टेन्शनमुळे’ म्हणून सोडून देऊ नका, डॉक्टरांना दाखवा. वजन उतरवणाऱ्या पैलवानांच्या बाबतीत तर मनाकडे वळण्याआधी हेच बघायला हवं.

थांबा: जगणं नको वाटतंय, स्वतःला इजा करावीशी वाटतेय असं कुठेही पुढे आलं तर प्रशिक्षण बाजूला ठेवा. त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञ गाठा आणि खेळाडूला एकटं सोडू नका. टेलिमानस ही सरकारी हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

## टप्पा २: माणूस निवडा, ॲप नव्हे

‘माइंड कोच’ ही पाटी कुणीही लावू शकतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते. सायकिॲट्रिस्ट हा डॉक्टर असतो आणि औषध तोच लिहून देऊ शकतो. स्पोर्ट्स सायकॉलॉजिस्ट म्हणवणाऱ्याचं शिक्षण कुठे झालं आणि खेळाडूंबरोबर कुणाच्या देखरेखीखाली काम केलं, हे सरळ विचारा. विचारल्यावर राग येत असेल तर तिथेच उत्तर मिळालं.

पहिल्या कॉलवर, पैसे देण्याआधी, हे विचारून घ्या:

१. माझा खेळ तुम्ही प्रत्यक्ष पाहिला आहे का? सायटर (मॅचआधीचे, न मोजले जाणारे शॉट) म्हणजे काय, डेसिमल म्हणजे दशांशातला स्कोअर कसा चालतो हे ठाऊक आहे का? नसेल तर रेंजवर किंवा निदान माझ्या सरावाचा व्हिडिओ बघाल का?
२. प्रशिक्षकाला, आईवडिलांना, संघटनेला तुम्ही काय सांगणार आणि काय नाही? (लेखी घ्या.)
३. सेशन रेकॉर्ड होतं का, कुठे राहतं, कधी पुसलं जातं?
४. सेशन चालू असताना मला फार त्रास झाला तर तुम्ही माझ्या गावात कुणाला फोन लावणार?

चौथा प्रश्न कुणी विचारत नाही, पण ऑनलाइन कामात तो सगळ्यात महत्त्वाचा आहे. समोरचा माणूस तीनशे किलोमीटरवर बसलेला असतो. तुम्ही या क्षणी कुठे आहात आणि तुमच्याजवळ कोण आहे हे त्याला प्रत्येक सेशनच्या सुरुवातीला माहीत असायला हवं.

खेळाडू १८ वर्षांखालचा असेल तर पालकांची लेखी संमती हवी. सेशनच्या वेळा पालकांना माहीत हव्यात, आणि रात्री उशिरा होणारी खासगी चॅट पूर्ण बंद. मुलगा आत काय बोलला हे मात्र पालकांनी रोज खोदून विचारायचं नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी पाळता येतात.

पदकाची हमी देणारे, ‘एका सेशनमध्ये भीती गायब’ म्हणणारे, दुसऱ्या खेळाडूंच्या आतल्या गोष्टी किस्से म्हणून सांगणारे यांच्यापासून लांब राहा. आज त्यांचं सांगतो, उद्या तुमचं सांगेल.

औषधाचा इशारा: ‘हात थरथरू नये म्हणून’ कुणी गोळी सुचवली तर ती घेऊ नका. बीटा-ब्लॉकर गटातली औषधं नेमबाजी आणि तिरंदाजीत स्पर्धेत तर बंद आहेतच, स्पर्धेबाहेरही बंद आहेत. फॅमिली डॉक्टरला हे माहीत असेलच असं नाही, कारण हीच औषधं रक्तदाब, मायग्रेन आणि घबराटीसाठी सर्रास लिहिली जातात. कुठलंही औषध सुरू करण्याआधी ते नाडाच्या (राष्ट्रीय उत्तेजक द्रव्य विरोधी संस्था) यादीत तपासा. खरंच गरज असेल तर उपचारासाठी सूट मागायची रीतसर पद्धत आहे, ती वापरा. उलट बाजूही लक्षात ठेवा: सायकिॲट्रिस्टने सुरू केलेलं औषध स्पर्धेच्या भीतीने परस्पर बंद करू नका.

## टप्पा ३: जागा, वेळ आणि मोबाइल

किरकोळ वाटतं, पण निम्मी सेशन्स इथेच वाया जातात. होस्टेलच्या खोलीत चौघं असतात, एक जण रील बघतोय, दुसरा कान देऊन ऐकतोय. अशा ठिकाणी कुणी मनातलं बोलत नाही, सगळं ‘ठीक आहे सर’ वर संपतं. वॉर्डनशी बोलून फिजिओची खोली, वर्गखोली, काहीतरी ठरलेलं मिळवा. काहीच नसेल तर उभ्या गाडीत बसा.

इअरफोन लावा. मोबाइल हातात धरू नका, छातीच्या उंचीवर टेकवा. नेट गेलं तर साध्या फोनवर पुढे बोलायचं हे आधीच ठरवून ठेवा. खोलीत कुणी आलं तर विषय बदलण्यासाठी एक शब्द ठरवा. सराव संपल्या संपल्या घामेजलेल्या अंगाने बसू नका, मध्ये तासभर जाऊ द्या. रात्री नऊनंतरचं सेशन नको, झोपेवर येतं.

घरी ड्राय फायर (छर्रा न घालता सराव) करून दाखवायचं असेल तर मोबाइल बाजूने ठेवा, म्हणजे उभं राहणं, खांदा आणि मान दिसेल.

तपासा: ड्राय फायरच्या वेळी छर्‍यांची डबी दुसऱ्या खोलीत. नळी रिकामी असल्याची खात्री सेफ्टी फ्लॅग घालून करा. नळीचं तोंड भिंतीकडे, दाराकडे कधीही नाही. कॅमेरा लावायच्या गडबडीत हे राहून जातं.

## टप्पा ४: दोन आठवडे फक्त नोंद

या दोन आठवड्यांत काहीही सुधारायचं नाही. खेळाडूंना हा टप्पा सगळ्यात जास्त कंटाळवाणा वाटतो आणि बहुतेक जण तो गाळतात. मग सहा आठवड्यांनी ‘फरक पडला का?’ या प्रश्नाला कुणाकडेच उत्तर नसतं.

रोज सकाळी चार ओळी: किती तास झोप, उठल्यावर ताजेपणा दहापैकी किती, मूड दहापैकी किती, अंग कुठे दुखतंय. सरावानंतर दुसरी नोंद, आणि इथे स्कोअरपेक्षा कॉल महत्त्वाचा. शॉट सुटल्यावर मॉनिटर बघण्याआधी तो कुठे गेला असेल हे मनाशी ठरवायचं आणि मग बघायचं. कॉल आणि प्रत्यक्ष शॉट जुळत असतील तर तुम्ही शॉटमध्ये हजर होता. जुळत नसतील तर लक्ष दुसरीकडे होतं.

नोंद अशी दिसायला हवी: ‘सिरीज ४, १०३.१. सातवा शॉट कॉल १०.५, पडला ९.६. त्याआधी शेजारच्याचा मॉनिटर पाहिला. आठवा शॉट घाईत.’ ‘आज मन लागलं नाही’ ही नोंद नव्हे. तिच्यावर काम करता येत नाही.

वेळही लिहा. पात्रता फेरीत ६० शॉटसाठी ७५ मिनिटं मिळतात, म्हणजे शॉटमागे ७५ सेकंद. घाईचं कारणच नसतं. तरीही खराब शॉटनंतरचा शॉट नेहमीपेक्षा कितीतरी लवकर सुटलेला दिसतो, ‘भरून काढायला’. काहींचं उलटं असतं, गन तीनदा उचलून खाली ठेवतात आणि शेवटच्या दहा शॉटना वेळ पुरत नाही. तुमचं कुठलं, हे दोन आठवड्यांच्या वहीत आपोआप दिसतं. त्या पानांचे फोटो सेशनच्या आदल्या दिवशी पाठवा. सेशनमधला अर्धा वेळ आठवण्यात जाणार नाही.

## टप्पा ५: एका वेळी एकच कौशल्य

आठवड्यातून एक सेशन, पाऊण तासाचं. त्यात एकच गोष्ट शिकायची आणि पुढचे सहा दिवस ती रेंजवर वापरायची. सेशन संपताना ‘उद्या कुठल्या सिरीजमध्ये, कधी करणार’ हे लिहून झालं नसेल तर ते सेशन गप्पांमध्ये जमा करा.

श्वास. नाकाने चार सेकंद आत, सहा सेकंद बाहेर. मिनिटाला सहा श्वास होतात. पहिला आठवडा बसून, सकाळी दहा मिनिटं. दुसऱ्या आठवड्यात उभं राहून, जॅकेट घालून. इथे एक अडचण येते जी ऑडिओ बनवणाऱ्याला ठाऊक नसते: रायफलचं शूटिंग जॅकेट कडक असतं, पोट फुगत नाही. म्हणून दोन शॉटच्या मध्ये वरची बटणं सैल करून श्वास घ्यायची सवय लावा. हा श्वास शॉटच्या मधल्या वेळेसाठी आहे, नेम धरल्यावर नाही. छाती भरभरून जोरात श्वास घेतलात तर चक्कर येते आणि होल्ड (गन नेमावर स्थिर धरणं) आणखी हलतो.

पैलवानाने कुस्तीच्या अगदी आधी हे करून थंड पडू नये. त्याला अंगात थोडी धग हवी असते. तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांमध्ये ३० सेकंदांची विश्रांती मिळते, श्वासाची जागा ती.

लक्ष परत आणणं. विचार येणारच. ‘६२५ होईल का’ हा विचार हाकलायला गेलात की तो पाय रोवून बसतो. त्याला नाव द्या, ‘निकालाचा विचार’, आणि नजर फोरसाइटवर (नळीच्या टोकाची साइट) परत आणा. रोज आठ-दहा मिनिटं हाच सराव श्वासावर करा. विचार किती वेळा भटकला याला महत्त्व नाही, तो भटकल्याचं किती लवकर लक्षात आलं ते बघा. शांत वाटलं नाही म्हणून सोडून देणारे पुष्कळ आहेत. शांत वाटणं इथे अपेक्षितच नाही.

शॉट रूटीन. पाच-सहा पायऱ्या, त्याहून जास्त नाहीत: पाय, गाल (रायफलला), श्वास, होल्ड, ट्रिगर, फॉलो थ्रू (शॉट सुटल्यावरही क्षणभर तसंच राहणं). मग कॉल, मग मॉनिटर. यात गन खाली घ्यायचा नियमही लिहा. प्रशिक्षकाबरोबर बसून ठरवा की होल्ड अमुक सेकंदांत बसला नाही तर शॉट सोडायचा नाही. सेकंद किती हे सायकॉलॉजिस्टने ठरवू नये, ते तंत्राचं काम आहे. मनाला सांगायचा शब्द तुमच्या तोंडातला असू द्या. कोल्हापूरच्या पोराला ‘निवांत’ जितकं चटकन कळतं तितकं पुस्तकी वाक्य कळणार नाही.

याच कार्डावर मागच्या बाजूला तीन ‘जर-तर’ लिहा. जर ९.८ खाली गेला, तर गन स्टँडवर, बटण सैल, तीन श्वास, मगच पुढचा शॉट. जर टार्गेट बंद पडलं, तर हात वर, खुर्चीत बसायचं, मोबाइल नाही, गप्पा नाहीत. जर पहिल्या सिरीजला हात थरथरला, तर ‘थरथरतोय’ एवढं मनात म्हणायचं आणि रूटीन तशीच चालवायची. कबड्डीच्या चढाईपटूकडे चढाईचे ३० सेकंद असतात, त्याचं जर-तर मध्यरेषा ओलांडण्याआधी संपलेलं असावं.

मनातला सराव. अंथरुणात पडून पदक गळ्यात घालून घेण्याचं चित्र रंगवणं हा मनातला सराव नाही. जॅकेट, पँट, बूट घालून उभे राहा, गन हातात. पाच शॉट, खऱ्या वेळेत, म्हणजे सहा मिनिटांच्या आसपास. ‘मॅच फायरिंग, स्टार्ट’ ऐका, शेजारच्या लेनचा ‘टक्’ ऐका, जॅकेटमधला उकाडा जाणवू द्या. पाचपैकी एक शॉट मुद्दाम बिघडवा आणि त्यानंतर जर-तर चालवा. काहींना डोळ्यांसमोर चित्र येतच नाही. त्यांनी ट्रिगरवरच्या बोटाची जाणीव धरावी, तेही चालतं.

तपासा: टप्पा ६ कडे जाण्याआधी कार्ड न बघता रूटीन सांगता यायला हवी, आणि प्रशिक्षकाने ते कार्ड वाचलेलं असायला हवं. सायकॉलॉजिस्ट ‘स्कोअर बघू नकोस’ म्हणतोय आणि प्रशिक्षक मागून ‘किती झाले?’ विचारतोय, या ओढाताणीत पोराचं भरीत होतं. दोघांचा महिन्यातून एकदा, खेळाडूच्या समोर, वीस मिनिटांचा कॉल ठेवा.

## टप्पा ६: रेंजवर दबाव तयार करा

आठव्या आठवड्यापासून, आठवड्यातून एकदाच, पूर्ण सामना. १५ मिनिटं तयारी आणि सायटर, ७५ मिनिटं मॅच, कमांड मोठ्याने, घड्याळ लावून. मागे माणसं उभी करा, मध्येच दार आपटू द्या, निकाल फळ्यावर लावा. हरणाऱ्याने सगळ्यांचं टार्गेट साफ करायचं, इतपत शिक्षा पुरे. सगळ्यांसमोर पाणउतारा करणं म्हणजे दबावाचा सराव नव्हे. त्याने खेळाडू लपवायला शिकतो.

सायकॉलॉजिस्टने त्या वेळी कॉलवर असण्याची गरज नाही. कुणाकडून तरी चेहरा आणि हात दिसतील असा व्हिडिओ घ्या आणि दुसऱ्या दिवशी त्यातली दोनच ठिकाणं एकत्र बघा: सगळ्यात खराब शॉटनंतरचं मिनिट आणि शेवटचे दहा शॉट.

यश मोजायचं ते साठपैकी किती शॉटना रूटीन पूर्ण झाली यावर. सुरुवातीला स्कोअर थोडा घसरतो, कारण लक्ष नव्या गोष्टीवर असतं. इथे घाबरून सगळं सोडून देणारे जास्त. तीन-चार सराव सामने जाऊ द्या, मग चौथ्या टप्प्याच्या वहीशी ताडून बघा.

## टप्पा ७: स्पर्धेचा आठवडा

नवीन काहीही नाही. नवा ऑडिओ नाही, यूट्यूबवर सापडलेलं तंत्र नाही, मामांनी सुचवलेले बाबा तर नाहीतच.

शेवटचं सेशन तीन-चार दिवस आधी, अर्ध्या तासाचं: कार्ड वाचणं, प्रवास आणि जेवणाचं वेळापत्रक, बस्स. परदेशात असाल तर वेळेचा हिशेब घरीच करा. उन्हाळ्यात म्युनिक आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतं. तिथल्या रात्री नऊला इथे साडेबारा वाजलेले असतात, आणि अर्धवट झोपेतल्या सायकॉलॉजिस्टचा तुम्हाला उपयोग नाही.

आदल्या रात्री झोप लागत नाही, हे नेहमीचं आहे. घड्याळ बघत पडू नका. एका रात्रीने फारसं बिघडत नाही. त्याआधीचे पाच-सहा दिवस झोप सांभाळली का, ते जास्त मोजलं जातं.

लक्षात ठेवा: सामना चालू असताना फायरिंग लाइनवर मोबाइल आणि इअरफोन चालत नाहीत. ऑडिओ ऐकल्याशिवाय ज्याला शांत होता येत नाही, त्याच्याकडे लेनवर काहीच उरत नाही. म्हणून टप्पा ५ च्या शेवटी सगळं ऑडिओशिवाय जमायला हवं.

सामन्याच्या दिवशी कॉल नको. आधी ठरलं असेल तर एक मेसेज, एक ओळ. आईवडिलांनाही सांगून ठेवा की फोन आम्ही करू.

## टप्पा ८: स्पर्धेनंतर

परतीच्या गाडीत चिरफाड करू नका. दोन दिवस जाऊ द्या, मग सेशन. प्रश्न तीनच: रूटीन कुठे टिकली, कुठे तुटली, तुटल्यावर किती शॉटमध्ये परत आली. स्कोअर चांगला आला तरी हे सेशन टाळू नका. जिंकल्यावर तर सगळेच टाळतात.

संघातून नाव गेलं, दुखापत झाली, शस्त्रक्रिया ठरली किंवा मोठी स्पर्धा संपून रिकामं रिकामं वाटू लागलं, तर टप्पा १ ची प्रश्नावली पुन्हा भरा. शिबिरातून घरी परतलेला खेळाडू अचानक एकटा पडतो. रेंज नाही, मित्र नाहीत, घरी पाहुणे निकाल विचारतात. ऑनलाइन सेशनचा खरा फायदा या दिवसांत होतो आणि नेमकी याच दिवसांत लोक ती बंद करतात. दुखापतीच्या काळात मनातला सराव चालू ठेवा, खुर्चीत बसून केला तरी चालेल.

सगळं सुरळीत असेल तर बारा आठवड्यांनंतर सेशन महिन्यातून एक करा. आठ आठवडे होऊनही तुमच्या हातात लिहिलेलं कार्ड नसेल, वही कुणी बघत नसेल, किंवा प्रत्येक छोट्या निर्णयासाठी तुम्हाला त्याच माणसाला फोन करावासा वाटत असेल, तर माणूस बदला. वही तुमची आहे, ती नव्या माणसाकडे घेऊन जा आणि टप्पा ४ पासून पुढे चला.